आतड्याचं आणि फुप्फुसाचं अस्तर कसं जपावं: इजा, संसर्ग आणि दुरुस्ती

आपण दिवसभर अन्न आणि हवा बाहेरून आत घेतो. त्यांच्यासोबत जंतू, धूळ, धूर आणि रसायनंही आत येतात. आतड्यात आणि फुप्फुसाच्या खोल भागात हे सगळं आणि आपलं रक्त यांच्यामध्ये पेशींचा एकेरी थर असतो. त्वचेवर मृत पेशींचं जाड आवरण असतं, इथे तशी सोय नाही. अन्नरस आणि प्राणवायू याच थरातून रक्तात जायचा असतो, त्यामुळे तो पातळच असावा लागतो आणि पातळ असल्यामुळे त्याला इजाही लवकर होते.

शरीराने यावर काढलेला तोडगा म्हणजे सतत नूतनीकरण. आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत गळून पडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. फुप्फुसात हे काम एरवी संथ चालतं, पण इजा झाली की तिथल्याही राखीव पेशी कामाला लागतात. म्हणून अस्तर ‘मजबूत’ करणारं औषध शोधत बसण्याआधी त्याला रोज होणारी इजा थांबवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दुरुस्ती शरीराला येते. तिला उसंत आणि सामग्री मिळाली पाहिजे. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

आधी रचना समजून घ्या

आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. त्यामुळे पचनमार्गाच्या अस्तराचं क्षेत्रफळ ३० ते ४० चौरस मीटरच्या घरात जातं. उंचवट्यांच्या तळाशी असलेल्या खळग्यांत मूळपेशी असतात. तिथे जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते, वाटेत अन्नरस शोषण्याच्या कामाला लागते आणि टोकाला पोचली की गळून जाते. शेजारच्या पेशी ‘टाइट जंक्शन’ नावाच्या सांध्यांनी एकमेकींना चिकटलेल्या असतात. १९६३ साली मेरिलिन फार्कर आणि जॉर्ज पॅलेड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या सांध्यांचं बारकाईने वर्णन केलं. त्यांतली ऑक्लुडिन आणि क्लॉडिन ही प्रथिनं जपानमध्ये शोइचिरो त्सुकिता यांच्या प्रयोगशाळेत १९९३ आणि १९९८ साली सापडली. हे सांधे कायमचे बंद नसतात. पाणी आणि क्षार किती जाऊ द्यायचे हे ते गरजेनुसार ठरवतात.

पेशींवर चिकट स्रावाचं आवरण असतं. मोठ्या आतड्यात त्याचे दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जिवाणू राहतात, आतला घट्ट थर जवळजवळ निर्जंतुक असतो. शिवाय लहान आतड्यातल्या पॅनेथ नावाच्या पेशी जंतुनाशक प्रथिनं सोडतात आणि प्रतिकारशक्तीची आयजीए नावाची प्रतिपिंडं जंतूंना अस्तराला चिकटू देत नाहीत.

श्वासनलिकांची रचना वेगळी आहे. तिथल्या प्रत्येक केसाळ पेशीवर सुमारे २०० सिलिया, म्हणजे अतिसूक्ष्म केस, असतात. सेकंदाला साधारण १० ते २० वेळा, सगळे एकाच लयीत हलतात. त्यांच्यावर तरंगणाऱ्या कफाच्या पातळ थरात धूळ आणि जंतू अडकतात आणि सरकत्या जिन्यावर उभं राहिल्यासारखे वर घशाकडे येतात. तिथून आपण ते नकळत गिळून टाकतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशा पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर वरचे कण एका दिशेला शांतपणे वाहताना दिसतात. त्याच पेशींवर सिगारेटचा धूर सोडला की ही हालचाल मंदावते.

नलिकांच्या टोकाला सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. त्यांचा जवळजवळ ९५ टक्के पृष्ठभाग कागदासारख्या चपट्या पहिल्या प्रकारच्या पेशींनी व्यापलेला असतो. हवा आणि रक्त यांच्यातलं अंतर इथे काही ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी असतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दुसऱ्या प्रकारच्या पेशी आकाराने गोलसर असतात. त्या सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ बनवतात, त्यामुळे वायुकोश मिटत नाहीत. चपट्या पेशी मेल्या तर नव्या चपट्या पेशीही याच तयार करतात. गंभीर न्यूमोनियात या दुसऱ्या प्रकारच्या पेशीच मोठ्या प्रमाणात मेल्या, तर दुरुस्ती लांबते.

पायरी १: रोजची इजा थांबवा

सुरुवात धुरापासून करा. बिडी, सिगारेट, हुक्का यांतला कोणताही धूर सिलियांना लुळं करतो, कफ बनवणाऱ्या पेशींची संख्या वाढवतो आणि पेशींमधले सांधे सैल करतो. ‘कमी ओढतो’ म्हणून फारसा फायदा होत नाही, पूर्ण सोडल्यावर मात्र होतो. काही आठवड्यांपासून काही महिन्यांत सिलियांचं काम सुधारतं. त्या काळात काहींचा खोकला आणि कफ थोडा वाढतो. साचलेला कफ बाहेर निघत असल्यामुळे हे होतं, त्याला घाबरून पुन्हा सिगारेट धरू नका. निकोटीनचे पॅच, च्युइंग गम आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या यांनी सोडण्याची शक्यता नक्की वाढते, त्यामुळे मनोनिग्रहाच्या भरवशावर एकट्याने झगडू नका. ई-सिगारेटला निरुपद्रवी समजू नका. २०१९ साली अमेरिकेत तिच्यामुळे फुप्फुसाला तीव्र इजा झालेल्या रुग्णांची साथच आली होती आणि बहुतेक रुग्णांच्या बाबतीत द्रवात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट त्याला कारण ठरलं.

चुलीचा धूर, कचरा जाळल्याचा धूर आणि वाहनांचा धूर यांतले पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे, कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे असतात, म्हणून ते थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली यांची मर्यादा वर्षभराच्या सरासरीला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आणि २४ तासांना १५ मायक्रोग्रॅम अशी ठरवली. हवेच्या प्रदूषणाचा आकडा वाईट असेल त्या दिवशी धावायला किंवा जोरदार व्यायामाला बाहेर जाऊ नका. जोरात श्वास घेताना कित्येक पट हवा आत जाते आणि नाकाची गाळणीही टळते. स्वयंपाक करताना बाहेर हवा फेकणारा पंखा लावा किंवा खिडकी उघडा. हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचं असेल, तर त्यात अतिसूक्ष्म कण अडवणारी हेपा गाळणी आहे का आणि खोलीच्या आकाराला त्याची क्षमता पुरते का, एवढं बघा. ओझोन सोडणारं यंत्र घेऊ नका, कारण ओझोन स्वतःच अस्तराला जाळतो.

घरातल्या रसायनांबद्दल एक पक्का नियम: ब्लीच कधीही ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या द्रवात मिसळू नका. ॲसिडबरोबर क्लोरीन वायू आणि अमोनियाबरोबर क्लोरामाइन तयार होतो, आणि दोन्ही बंद न्हाणीघरात मिनिटांत फुप्फुसाला इजा करू शकतात. चुकून मिसळलंच, तर आधी बाहेर पडा आणि दारं-खिडक्या उघडी ठेवा. दगड, काँक्रीट, टाइल्स कापण्याच्या कामात कोरडी धूळ उडू देऊ नका. पाणी सोडत कापा आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर वापरा. सिलिकाची धूळ वायुकोशांत जाऊन बसली की तिथे कायमचे व्रण तयार होतात. ते बरे करणारं औषध अजून नाही.

आतड्याच्या बाबतीत सगळ्यात दुर्लक्षित इजा वेदनाशामक गोळ्यांची आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, ॲस्पिरिन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातली रसायनं कमी करून वेदना थांबवतात. पण अस्तरावरचा संरक्षक स्राव आणि तिथला रक्तपुरवठा टिकवण्याचं कामही प्रोस्टाग्लँडिनच करतात. ‘जेवणानंतर घ्या’ आणि ‘सोबत ॲसिडिटीची गोळी घ्या’ एवढ्यावर आपण निर्धास्त होतो. ॲसिडिटीची गोळी जठराचं रक्षण करते, लहान आतड्याचं करत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० निरोगी स्वयंसेवकांना दोन आठवडे डायक्लोफेनॅक आणि त्यासोबत ओमेप्राझोल हे ॲसिडिटीचं औषध दिलं. कॅप्सूल कॅमेऱ्याने पाहिलं, तेव्हा ६८ टक्के लोकांच्या लहान आतड्यात नव्या इजा दिसल्या. म्हणून या गोळ्या कमीत कमी डोस आणि कमीत कमी दिवस घ्या. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच औषध नाही ना, हे पाकिटावर वाचा. साध्या तापाला आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल पुरतं. प्रौढाने दिवसात ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, यकृताचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर मर्यादा आणखी कमी. हृदयासाठी लिहून दिलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

दारूतून तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड पेशींमधले सांधे उसवतं, त्यामुळे जिवाणूंचे तुकडे यकृतापर्यंत पोचतात. ॲसिडिटीच्या गोळ्या महिनोन्‌महिने सवयीने घेणं हीदेखील एक वेगळी जोखीम आहे. जठरातलं आम्ल जंतूंना मारतं आणि ते सतत दाबून ठेवलं की आतड्याच्या संसर्गाची शक्यता वाढते. गरज उरली आहे का, हे डॉक्टरांना विचारा. कडक उन्हात तासन्‌तास व्यायाम केला, तरी रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं, आतड्याला कमी मिळतं आणि अस्तर तात्पुरतं सैल होतं. पाणी आणि सावली यांची सोय करून मगच असे कार्यक्रम आखा, आणि त्या दिवशी वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका.

पायरी २: जंतू अस्तरापर्यंत पोचू देऊ नका

शौचानंतर, बाळाचे लंगोट बदलल्यावर, स्वयंपाकाआधी आणि जेवणाआधी २० सेकंद साबणाने हात धुवा. बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांच्या कडा बहुतेकांच्या राहून जातात. अल्कोहोलचं सॅनिटायझर फ्लूच्या विषाणूवर चांगलं चालतं. जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा परिणाम कमी होतो आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूच्या बीजाणूंवर तर होतच नाही. घरात कुणाला जुलाब असतील, तर साबण आणि वाहतं पाणीच वापरा.

पाण्याची शंका असेल, तर ते खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट उकळत ठेवा. २,००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटं ठेवा. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून थंड अन्न ५ अंशांच्या खाली आणि गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं. मांस, अंडी आतपर्यंत ७० अंशांना शिजली पाहिजेत. कच्च्या मांसाची पाटी आणि सुरी दुसऱ्या कशालाही लावू नका.

लसींबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्या अस्तराचंही रक्षण करतात हे फारसं सांगितलं जात नाही. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेतल्या केसाळ पेशी मारतो. ती जागा काही दिवस उघडी पडते, कफ वर सरकत नाही आणि घशात निवांत राहणारा न्यूमोकॉकस हा जिवाणू खाली उतरतो. १९१८ च्या साथीतले बहुतेक मृत्यू अशा मागाहून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले. म्हणजे दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोकॉकसची लस मिळून एकाच वाटेवर दोन ठिकाणी अडसर घालतात. डांग्या खोकल्याचा जिवाणू तर नेमका सिलियांनाच चिकटतो आणि त्या पेशी नष्ट करणारं विष सोडतो. म्हणूनच जंतू गेल्यावरही खोकला आठवडेच्या आठवडे टिकतो. रोटाव्हायरस लहान आतड्याच्या उंचवट्यांवरच्या पक्व पेशी मारतो. त्याची लस तान्ह्या बाळाला सहा आठवड्यांपासून देतात आणि ती वेळेवरच द्यावी लागते. वयस्कर, गरोदर, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी आपल्याला कोणत्या लसी लागू आहेत, याची यादी डॉक्टरांकडून एकदा करून घ्यावी.

मास्क गर्दीत, रुग्णालयात आणि धुराच्या दिवशी उपयोगी पडतो. एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ९५ टक्के अडवतो, पण कडा चेहऱ्याला टेकल्या तरच. लावल्यावर नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, मग तळवे कडांजवळ धरून जोरात श्वास सोडा. गालावर किंवा डोळ्यांकडे वारा लागला, तर मास्क नीट बसलेला नाही. पट्टे ओढून पुन्हा बसवा. दाट दाढीवर तो कधीच नीट बसत नाही.

खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवता आली तर उत्तम. फार कोरड्या हवेत कफ घट्ट होतो आणि सिलिया मंदावतात, ६० च्या वर बुरशी वाढते. नाक मिठाच्या पाण्याने धूत असाल, तर पाणी उकळून गार केलेलं किंवा निर्जंतुकच असावं. नळाच्या कच्च्या पाण्यातला नेग्लेरिया अमिबा नाकावाटे मेंदूत गेल्याच्या घटना क्वचित घडतात, पण त्या जवळजवळ नेहमीच जीवघेण्या ठरतात.

पायरी ३: अस्तराला त्याचं खाणं द्या

मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन रक्तातल्या साखरेतून येत नाही. आपल्याला न पचणारा चोथा आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि पेशी ते जाळतात. ब्युटिरेटमुळे पेशींमधले सांधेही घट्ट राहतात. चोथा मिळाला नाही, तर काही जिवाणू आतड्याचा चिकट स्रावच खाऊ लागतात. २०१६ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात चोथा बंद केल्यावर तो स्राव पातळ झाला आणि रोगकारक जिवाणू अस्तरापर्यंत सहज पोचले.

दहा वर्षांपुढच्या प्रत्येकाला दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं हवीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कडधान्यं, डाळी, अख्खी धान्यं, भाज्या, सालीसकट फळं आणि सुकामेवा यांतून हे जमतं. एकदम वाढवू नका, पोट फुगेल. दर आठवड्याला थोडं वाढवा, प्रकार बदलत राहा आणि पाणी वाढवा. आतड्याला आधीच सूज असलेल्यांनी, म्हणजे क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांनी, किती आणि कोणता चोथा घ्यायचा हे डॉक्टरांना विचारून ठरवावं.

अ जीवनसत्त्व कमी पडलं की दोन्ही ठिकाणचं अस्तर कोरडं आणि खरबरीत होतं. गोवर झालेल्या मुलाला त्याचा मोठा डोस देतात, त्यामागे हेही एक कारण आहे. झिंक आणि प्रथिनं नव्या पेशी बनवायला लागतात. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध द्यावं. त्यातले आयजीए प्रतिपिंड बाळाच्या अस्तरावर जाऊन बसतात आणि त्यातल्या खास शर्करा उपयोगी जिवाणूंना पोसतात.

पायरी ४: जुलाब लागले तर

कॉलऱ्याचं विष अस्तराच्या पेशीत शिरून क्लोराइडची वाट उघडी टाकतं, त्यामागून पाणी बाहेर ओततं. पेशी मात्र जिवंत असतात आणि साखर-मीठ एकत्र आत ओढून घेणारी त्यांची यंत्रणा चालूच असते. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी ती मांडली. साखर आणि सोडियम सोबत आत गेले की पाणीही मागोमाग जातं. ओआरएस, म्हणजे जुलाबात पाजायचं साखर-मिठाचं द्रावण, या एका गोष्टीवर उभं आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरलं, आणि तिथल्या कॉलरा रुग्णांचं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं.

तयार पाकीट मिळत असेल तर तेच वापरा. त्यावर लिहिलेल्या मापाएवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट मिसळा. अर्धं पाकीट अंदाजाने टाकू नका. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. ‘सपाट’ हा शब्द गांभीर्याने घ्या. चमचा भरून घ्या आणि सुरीच्या पात्याने वरचा ढीग काढून टाका. मीठ जास्त झालं तर बाळाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक वाढतं, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. कोला आणि बाटलीतले रस याच कारणाने ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत. तयार द्रावण २४ तासांनी फेकून द्या.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मि.लि., दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मि.लि. आणि मोठ्यांना हवं तेवढं द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्या. घोटाघोटाने पोटात राहतं. खाणं आणि अंगावरचं दूध चालू ठेवा, कारण उपाशी आतड्याचं अस्तर आणखी विरळ होतं. मुलांना झिंक १० ते १४ दिवस द्यायचं: सहा महिन्यांखाली दिवसाला १० मि.ग्रॅ., त्यावर २० मि.ग्रॅ. जुलाब थांबले तरी कोर्स पुरा करा.

शौचात रक्त, जोराचा ताप, आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, सतत उलट्या किंवा मूल पेंगुळलेलं आणि पिईना अशी अवस्था असेल, तर घरी थांबू नका. रक्त किंवा जोराचा ताप असताना जुलाब बंद करणारी लोपेरामाइडची गोळी घेऊ नका, लहान मुलांना तर देऊच नका.

अँटिबायोटिक स्वतःहून सुरू करू नका. बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात, त्यांवर त्यांचा उपयोग नाही. उलट आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, ब्युटिरेट कमी होतं आणि मोकळ्या झालेल्या जागी वर सांगितलेल्या डिफिसिल जिवाणूला फावतं. त्याची विषं पेशीचा आतला सांगाडाच मोडतात. अँटिबायोटिक घेताना किंवा घेतल्यानंतर काही आठवड्यांत दिवसात तीन किंवा अधिक पातळ जुलाब होऊ लागले, तर डॉक्टरांना ते औषध घेतल्याचं आवर्जून सांगा.

पायरी ५: खोकला छातीत उतरला तर

पाच वर्षांखालच्या मुलाचा श्वास मोजायला शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना त्याचा सदरा वर करा, घड्याळ समोर धरा आणि पोट-छाती वर आली की एक, असं पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चौपट करू नका, मुलांचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन ते अकरा महिने ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, ही जलद श्वासाची खूण आहे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. प्रौढाचा श्वास विश्रांतीत मिनिटाला ३० किंवा जास्त, ओठ निळसर, गोंधळलेलं बोलणं, ही तातडीची लक्षणं आहेत.

बोटाला लावून रक्तातल्या प्राणवायूची टक्केवारी दाखवणारा ऑक्सिमीटर वापरताना बोट गरम करून घ्या, नखाचा रंग काढा आणि आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्या. एरवी निरोगी माणसात ९४ च्या खाली सतत आकडा आला तर त्याच दिवशी डॉक्टर, ९० च्या खाली तर लगेच रुग्णालय. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून धाप लागत असेल तर चांगल्या आकड्यावर विसंबू नका. दम्याचा रोजचा फवारा ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद करू नका. त्यातलं स्टेरॉइड अस्तराची सूज रोज आटोक्यात ठेवतं. फवाऱ्यानंतर चूळ भरा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत तोंडातले जंतू आणि जठरातलं आम्ल फुप्फुसात जाणं हा मोठा धोका असतो. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवा, बसवूनच भरवा, जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. दिवसातून दोनदा दात आणि जीभ साफ करा, झोपताना कवळी काढा. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज ओलसर येत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

नातेवाईक अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असेल, तर दोन प्रश्न विचारायला संकोच करू नका. पहिला: श्वास लहान आकारमानाने देत आहात का? २००० साली प्रसिद्ध झालेल्या ८६१ रुग्णांच्या चाचणीत आदर्श वजनाच्या किलोमागे १२ ऐवजी ६ मि.लि. हवा दिल्यावर मृत्यूचं प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आलं, कारण सुजलेले वायुकोश जास्त ताणले की फाटतात. दुसरा: नळीवाटे पोटातून आहार सुरू करता येईल का? आतड्यात अन्न पोचत राहिलं तर त्याचं अस्तर टिकतं. डॉक्टरांकडे नकाराची कारणं असू शकतात, ती ऐकून घ्या.

‘लीकी गट’ची तपासणी आणि पावडरी

आतड्याची पारगम्यता, म्हणजे अस्तरातून नको ते आत झिरपण्याचं प्रमाण, वाढते हे खरं आहे. सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे अस्तराला इजा होणारा आजार), क्रोन्स, जळालेले रुग्ण, गंभीर संसर्ग यांत ती मोजलीही गेली आहे. पण थकवा, केस गळणं, चिडचिड या सगळ्याचं मूळ ‘गळकं आतडं’ असल्याचं सांगून विकल्या जाणाऱ्या तपासण्यांवर पैसे घालवू नका. पेशींमधले सांधे सैल करणारं झोन्युलिन हे प्रथिन रक्तात मोजणारे बाजारातले काही संच प्रत्यक्षात वेगळीच प्रथिनं मोजतात, असं २०१८ साली दिसून आलं. ग्लुटामिनच्या किंवा कोलॅजेनच्या पावडरीने निरोगी माणसाचं अस्तर अधिक चांगलं होतं, याला भक्कम पुरावा नाही. जिवंत जिवाणूंच्या कॅप्सूलचंही तसंच. ठरावीक आजारात ठरावीक जात उपयोगी पडते, सरसकट नाही, आणि प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांना त्यांच्यापासून धोकाही असतो.

पोटाचा त्रास म्हणून स्वतःहून गहू बंद करण्याआधी सीलिॲकची रक्ततपासणी करून घ्या. ग्लुटेन आधीच बंद केलं तर तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते आणि खरं निदान वर्षानुवर्षं लांबतं.

आजारातून उठल्यावर

जुलाब थांबल्यावर काही दिवस ते काही आठवडे दूध बाधू शकतं, कारण लॅक्टोज पचवणारं एन्झाइम उंचवट्यांच्या टोकावरच्या पक्व पेशींत असतं आणि त्या अजून तयार व्हायच्या असतात. प्रौढांनी दूध थोडे दिवस कमी करावं, दही चालतं. तान्ह्या बाळाचं अंगावरचं दूध थांबवू नये. चोथा हळूहळू पूर्ववत करा, दारू आणि वेदनाशामक गोळ्या टाळा.

फ्लू किंवा न्यूमोनियानंतर केसाळ पेशी पुन्हा उगवायला कित्येक आठवडे लागतात. तोवर खोकला राहतो, थंड हवा आणि अत्तराचा वास सहन होत नाही. या काळात धुरात जाऊ नका, चालणं रोज थोडं वाढवा. न्यूमोनिया होऊन सहा आठवडे झाले तरी लक्षणं पूर्ण गेली नसतील, किंवा वय पन्नाशीपुढे असून धूम्रपान होत असेल, तर छातीचा एक्स-रे पुन्हा काढून घ्या. डागामागे दुसरा आजार लपलेला असेल तर तो तेव्हा दिसतो. आणि मधल्या काळात ताप परत आला, कफाचा रंग बदलला किंवा धाप वाढली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.